ढालीवरचे अक्षर

आमच्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून दिवाळीचा किल्ला अजून होतो. पूर्वीसारखा गल्लोगल्ली होत नाही, पण होतो. त्या किल्ल्यावर मातीचे मावळे असतात, बुरुजावर प्लॅस्टिकचा वाघ असतो आणि पायथ्याच्या रस्त्यावर एखादी लाल मोटारही उभी असते. महाराजांच्या गडाखाली मोटार कशी आली, असे आजवर कोणी विचारलेले नाही. मीही विचारलेले नाही. मुलांचा किल्ला तो मुलांचा किल्ला. त्याने कोणाला काही शिकवायचे नसते. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढील मजकूर वाचून ‘या गृहस्थाला खेळण्यातल्या शिपायांवरही इतिहासाचा पहारा बसवायचा आहे’ असा वाचकांचा समज होण्याचा संभव आहे.

माझी गोष्ट किल्ल्याची नाही, ग्रीक शिपायांची आहे. आणि तिच्यातला आरोपी मीच आहे.

माझे नोकरीतले सारे आयुष्य नकाशे काढण्यात गेले. बारीक रेघेचा हात होता, तो निवृत्तीनंतर धातूचे छोटे शिपाई रंगविण्याकडे वळला. २००४ साली शहरातील एका शाळेने इतिहासाचे प्रदर्शन भरविले, तेव्हा मी त्यांना थर्मोपिलीच्या लढाईचा देखावा करून दिला. चोपन्न मिलिमीटर उंचीचे चाळीस स्पार्टन शिपाई, आठ-आठ जणांच्या पाच ओळी, किरमिजी झगे, पितळी रंगाच्या ढाली, आणि प्रत्येक ढालीवर एकच तांबडे अक्षर. इंग्रजी ‘व्ही’ उलटा ठेवावा तसा दिसणारा ग्रीक लॅम्डा. खाली पाटी : ‘स्पार्टाचे सैनिक, थर्मोपिली, इ. स. पू. ४८०’. हे अक्षर मला कोठून मिळाले? शिपायांच्या खोक्यातून. ज्या परदेशी कंपनीचे ते शिपाई होते, तिने ढालींवर चिकटवायच्या छापील चिन्हांचा कागद सोबत दिला होता. मी तो पाण्यात भिजवला, चिमट्याने एकेक अक्षर उचलले आणि चाळीस वेळा चिकटवले. हात जराही हलला नाही याचा मला त्या वेळी मोठा अभिमान वाटला होता.

प्रदर्शन संपले. देखावा शाळेच्या जिन्याजवळच्या काचेच्या कपाटात गेला आणि तेथेच राहिला. पुढे २००७ साली ‘थ्री हंड्रेड’ हा इंग्रजी चित्रपट आला. त्यातही लिओनिडासच्या शिपायांच्या ढालींवर तेच अक्षर. मग तर विचारायलाच नको. मुले काचेला नाक लावून उभी राहत आणि मला रस्त्यात गाठून ‘सर, तुमचे शिपाई अगदी पिक्चरसारखे आहेत’ असे सांगत.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याची मुलगी त्या शाळेत नववीत गेली. एका रविवारी ती आली आणि म्हणाली, “आजोबा, त्यांच्या ढालीवर हेच अक्षर होतं, हे तुम्हाला कशावरून कळलं?”

“अगं, खोक्यात कागद होता.”

“आणि कागदवाल्यांना?”

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. नकाशात एक रेघ कोणत्या मोजणीवरून आली हे सांगता आले नाही, तर आमचे जुने साहेब तो नकाशा फाडून टाकीत. आणि येथे मी चाळीस रेघा मारून वर सन घातला होता.

त्यानंतरचे काही महिने मी या एका अक्षराच्या मागे घालविले. प्रथम एवढे कळले की अक्षर काल्पनिक नाही. स्पार्टाच्या राज्याचे स्वतःचे नाव लॅकेडेमॉन. त्याचे आद्याक्षर लॅम्डा. पण त्याचा पुरावा पाहू गेल्यास तो एका बारीक धाग्यावर लोंबकळत आहे. अथेन्समध्ये युपोलिस नावाचा विनोदी नाटककार होता, ॲरिस्टोफनिसचा समकालीन. त्याच्या नाटकातील एका ओळीत कोणी तरी चमकणारे लॅम्डा पाहून घाबरल्याचा उल्लेख आहे. ते नाटक आज उपलब्ध नाही. ती ओळ वाचली, कारण नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या फोटिओस नावाच्या धर्मगुरूने आपल्या शब्दकोशात लॅम्डा या अक्षराखाली ती उतरून घेतली. म्हणजे नाटकानंतर सुमारे तेराशे वर्षांनी! शिवाय युपोलिसची नाटके रंगभूमीवर येऊ लागली ती इ. स. पू. ४३० च्या सुमारास. लिओनिडास पडला ४८० मध्ये. मधे पन्नास वर्षे गेली. पन्नास वर्षांत सैन्याचा पोशाख किती बदलतो हे ज्यांच्या घरात आजोबांचा, वडिलांचा आणि मुलाचा असे तीन फोटो टांगलेले आहेत त्यांना सांगावयास नको.

दुसरा साक्षीदार झेनोफन. तो स्वतः सैनिक, आणि स्पार्टाचा स्नेही. इ. स. पू. ३९२ मध्ये कॉरिंथच्या तटांच्या मधोमध जी लढाई झाली, तिच्यातला एक प्रसंग त्याने सांगितला आहे. स्पार्टाच्या बाजूने लढणारे सिक्यॉन शहराचे लोक आर्गॉसवाल्यांपुढे मागे हटत होते. ते पाहून पासिमाखस नावाचा स्पार्टन घोडदळाचा नायक थोड्या स्वारांसह खाली उतरला, घोडी झाडांना बांधली आणि सिक्यॉनवाल्यांच्या ढाली घेऊन पुढे सरसावला. त्या ढालींवर सिग्मा होता, सिक्यॉनचे आद्याक्षर. आर्गॉसवाल्यांना वाटले, हे तर पळपुटे सिक्यॉनवाले. त्यांनी भीती बाळगली नाही. हे सिग्मा तुम्हाला फसवतील, अशा अर्थाचे काही तरी बोलून पासिमाखस त्यांच्यावर तुटून पडला आणि तेथेच मेला.

काही लोक यावरून असा निष्कर्ष काढतात की, ज्या अर्थी सिग्मामुळे शत्रू फसला त्या अर्थी स्पार्टनांच्या ढालीवर लॅम्डा असलाच पाहिजे. मला हे पटत नाही. पासिमाखस घोडेस्वार होता. पायदळाची ती प्रचंड गोल ढाल त्याच्यापाशी नव्हतीच, म्हणून तर त्याने दुसऱ्याची मागितली. प्रसंगावरून सिद्ध होते ते एवढेच की ३९२ मध्ये एका शहराच्या फौजेची ढालीवरून ओळख पटत असे. पुढे ३६२ मध्ये, मँटिनीयाच्या लढाईपूर्वी, आर्केडियाच्या पायदळाने आपणही थीब्जचेच असल्याप्रमाणे ढालींवर गदा रंगवून घेतल्याचे तोच झेनोफन सांगतो. थीब्ज हे हेराक्लिसचे जन्मस्थान आणि गदा हे त्याचे शस्त्र. म्हणजे चौथ्या शतकात एका राज्याला एक चिन्ह ही चाल चांगली रुळलेली दिसते. पण माझे शिपाई पाचव्या शतकाच्या आरंभीचे आहेत आणि तेथे चित्र अगदी निराळे आहे.

निराळे म्हणजे कसे? ज्याचे त्याचे चिन्ह निराळे. सातव्या शतकाच्या मध्याचे एक कॉरिंथी भांडे रोमच्या संग्रहालयात आहे, चिजी यांच्या नावाने ओळखले जाते. त्यावर दोन फौजा समोरासमोर येताना रंगविल्या आहेत. एकच रांग, एकच पाऊल, मागे बासरी वाजविणारा मुलगा. पण ढाली पाहाव्यात तर कोणावर गॉर्गन राक्षसिणीचा जीभ काढलेला चेहरा, कोणावर पक्षी, कोणावर आणखी काही. अथेन्सच्या भांड्यांवर तर मोजदाद करू नये इतके प्रकार आहेत. सिंह, रानडुक्कर, बैलाचे डोके, कोंबडा, साप, विंचू, खेकडा, डॉल्फिन, नांगर, तिवई, रथाचे चाक, एकमेकांत गुंफलेले तीन पाय. जॉर्ज चेस नावाच्या अमेरिकन विद्वानाने १९०२ साली या सर्वांची यादी छापली. नकाशे काढणाऱ्या माणसाला ती यादी म्हणजे मिठाईचे दुकानच.

आपल्याकडील वाचकांना यात नवल वाटू नये. महाभारतात प्रत्येक महारथ्याचा ध्वज वेगळा. अर्जुनाचा कपी, भीष्मांचा ताड, द्रोणांची वेदी आणि कमंडलू, दुर्योधनाचा नाग. धुळीत माणूस दिसत नाही, ध्वज दिसतो. हिरोडोटस लिहितो की ढालींवर चिन्हे काढण्याची युक्ती ग्रीकांनी कॅरियाच्या लोकांकडून उचलली.

आता भांड्यांवरील चित्रे म्हणजे छायाचित्रे नव्हेत, हेही मान्य केले पाहिजे. अथेन्सच्या क्रीडामहोत्सवात बक्षीस म्हणून तेलाचे जे मोठे कुंभ देत त्यांवर अथीनी देवीचे चित्र असे. तिच्या ढालीवर एका चित्रकाराने नेहमी पंख असलेला घोडा काढावा, दुसऱ्याने नेहमी गॉर्गन. ढाल देवीची, पण खूण कारागिराच्या हाताची! तेव्हा भांड्यावर विंचू दिसला म्हणून अमक्या लढाईत विंचवाची ढाल होती असे म्हणता येत नाही. म्हणता येते ते इतकेच की त्या काळच्या माणसाला ढालीवर विंचू विचित्र वाटत नव्हता.

चार्ल्स सेल्टमन या इंग्रज पंडिताने १९२४ साली एक मोहक कल्पना मांडली. ही चिन्हे म्हणजे अथेन्सच्या थोर घराण्यांच्या वंशपरंपरागत मुद्रा. आमच्याकडील ज्या घरांत अजून सनदा आणि शिक्के कापडात गुंडाळून ठेवलेले आहेत, त्यांना ही कल्पना फार आवडेल, मलाही आवडली. पण नंतरच्या अभ्यासकांनी ती स्वीकारली नाही. एकच चिन्ह नाना जागी, नाना वीरांच्या हाती दिसते, त्याला घराण्याची मुद्रा कसे म्हणावे? तरीही प्लुटार्कचा एक शब्द मला बोचत राहतो. अल्किबायडीजच्या ढालीवर पूर्वजांचे कोणतेही चिन्ह नव्हते, हातात वज्र घेतलेला कामदेव होता, असे तो टीकेच्या सुरात सांगतो. म्हणजे पूर्वजांचे चिन्ह ही कल्पना अगदीच हवेतली नसावी. प्लुटार्क मात्र त्या काळानंतर पाचशे वर्षांनी लिहीत होता. असो.

खुद्द स्पार्टाची काही साक्ष आहे का? एक ढाल आहे. इ. स. पू. ४२५ मध्ये पायलॉसजवळच्या स्फॅक्टेरिया बेटावर अथेन्सने २९२ लोक जिवंत पकडले आणि त्यांच्या ढाली मिरवीत घरी नेल्या. पुढे सुमारे सहाशे वर्षांनी पॉसेनियस या प्रवाशाने त्यांतल्या काही अथेन्सच्या चित्रांकित ओसरीत डांबर फासून जपून ठेवलेल्या पाहिल्या. आणि १९३६ साली अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेच्या उत्खननात एका कोरड्या हौदात त्यांतली एक सापडली. तिचा चेपलेला, हिरवा पडलेला ब्राँझचा पत्रा तेथील संग्रहालयात आहे. त्यावर ठोके मारून अक्षरे उमटविली आहेत, पण ती जिंकणाऱ्यांनी : पायलॉसहून, लॅकेडेमॉनच्या लोकांपासून अथेन्सवाल्यांनी घेतलेली. लॅम्डाचा मागमूस नाही. पण रंग असता तरी दोन हजार वर्षांत तो उरला नसता, म्हणून ही ढाल ना माझ्या बाजूची, ना विरुद्ध.

दुसरी साक्ष मात्र अशी आहे की ती वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. १९०६ ते १९१० या काळात अथेन्समधील ब्रिटिश विद्यालयाने स्पार्टामध्ये आर्टेमिस ऑर्थिया देवीच्या स्थानी उत्खनन केले. तेथे भाविकांनी वाहिलेल्या शिशाच्या सपाट, छोट्या आकृती निघाल्या. किती? एक लाखाहून अधिक. त्यांत देवता आहेत, प्राणी आहेत, आणि शिपाई आहेत. बोटाच्या दोन पेरांएवढे, शिरस्त्राण घातलेले, हातात गोल ढाल घेतलेले शिशाचे स्पार्टन शिपाई! मी ज्यांना पंचवीस वर्षे परदेशी खोक्यातून विकत घेत होतो, ते स्वतः स्पार्टनांनीच साच्यात ओतून देवीला वाहिले होते. आणि त्यांच्या ढालींवर? कोठे फूल, कोठे भोवऱ्यासारखी फिरती नक्षी, कोठे किरणे, कोठे प्राणी. साऱ्या फौजेला एक अक्षर, हा प्रकार तेथे नाही.

आता माझे मत. लोक मला दोन बाजूंनी सांगतात. काही म्हणतात, खेळण्यातल्या शिपायाच्या रुपयाएवढ्या ढालीसाठी हा खटाटोप कशाला? दुसरे, फार काटेकोर लोक म्हणतात, निश्चित पुरावा नसेल तर ढाल कोरीच ठेवा. मला दोन्ही मान्य नाहीत. कोरी ढाल ही देखील एक विधानच असते; चाळीस कोऱ्या ढाली पाहून मुले समजतील की स्पार्टन कोरी ढाल वापरीत, आणि तेही तितकेच निराधार. एस्खिलसच्या थीब्जवरील नाटकात सात वीरांच्या ढालींचे वर्णन आहे. एकीवर चांदण्यांनी भरलेले आकाश, एकीवर शिडी चढणारा योद्धा; आणि अँफिअरॉस या द्रष्ट्याची ढाल तेवढी कोरी. ती कोरी आहे म्हणूनच तिच्याकडे लक्ष जाते. म्हणजे कोरेपणा हा अपवाद होता.

आणि खटाटोप कशाला याचे उत्तर पाटीत आहे. ज्या क्षणी मी ‘इ. स. पू. ४८०’ लिहिले, त्या क्षणी ते खेळणे राहिले नाही, ती साक्ष झाली. दिवाळीच्या किल्ल्याला सन नसतो, म्हणून तेथे मोटार खपते. वीस वर्षे त्या जिन्यावरून जाणाऱ्या मुलांनी माझ्या चिकटवलेल्या अक्षरावरून स्पार्टा पाहिला; आणि त्याहून मला लागलेली गोष्ट ही की त्यांनी लिओनिडासचे लोक एका छापातून काढल्यासारखे पाहिले. चाळीस माणसे, चाळीस सारख्या ढाली. गणवेश, बिल्ला, क्रमांक ही आपल्या काळाची फौज झाली. थर्मोपिलीला गेलेला प्रत्येक जण मुलगा असलेला बाप होता, वंश खुंटू नये म्हणून तशीच माणसे निवडली होती, हे हिरोडोटस सांगतो. असा मनुष्य आपल्या ढालीवर आपला कोंबडा किंवा आपला साप घेऊन निघाला असेल हे पुराव्याशी जुळते. त्याच्या हातून तो काढून मी तेथे छापील अक्षर लावले.

मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाई फार सौजन्याने वागल्या. “सर, मुलांना ती खूण ओळखीची आहे,” त्या म्हणाल्या, “ती काढली तर हे स्पार्टाचे शिपाई हे कळणार कसं? आणि परीक्षेत ढालीवर काय होतं असं कोणी विचारत नाही.” त्यांच्या पहिल्या वाक्यात तथ्य होते, हे कबूल करतो. ओळख पटविणे हेच तर चिन्हाचे काम. पासिमाखसच्या वेळी शत्रूही त्याच कारणाने फसला. पण मी जे चुकीचे सांगितले ते पुसण्याचा हक्क माझा, एवढे मी नम्रपणे म्हणालो. अखेरीस दिवाळीच्या सुटीपुरते शिपाई घरी न्यावेत, सुटी संपताच परत आणावेत, असे ठरले.

सध्या ते माझ्या टेबलावर आहेत. लॅम्डा स्पिरिटने निघतो, पण खालचा पितळी रंगही थोडा नेतो. पितळी रंग मात्र कायम ठेवला आहे; ब्राँझची ढाल आणि किरमिजी झगा ही स्पार्टाची रीत झेनोफनने स्पष्ट लिहिली आहे, आणि ब्राँझला झिलई लवकर चढते हेही. एका-बत्तीसच्या प्रमाणात ढाल अठ्ठावीस मिलिमीटरची होते, जवळजवळ जुन्या मोठ्या रुपयाएवढी. त्यावर तीन शून्य नंबरच्या ब्रशाने मी गॉर्गन काढले, कोंबडे काढले, ऑर्थियाच्या शिशाच्या शिपायांवरून फुले आणि भोवरे घेतले. रंगांची अडचण आहेच. काळ्या-तांबड्या भांड्यांवर सिंह काळा दिसतो म्हणून ढालीवर तो काळाच होता असे नाही. तेथे मी काळा, पांढरा आणि लाल यांच्या पलीकडे गेलो नाही.

पाटीही नवी लिहिली आहे : ढालींवरील चिन्हे त्या काळच्या ग्रीक चित्रांवरून आणि स्पार्टात सापडलेल्या आकृतींवरून निवडली आहेत, थर्मोपिली येथे कोणाच्या ढालीवर काय होते याची नोंद उपलब्ध नाही. पाटी लांब झाली. पण हिरोडोटसही असेच करतो. ४७९ च्या प्लाटियाच्या लढाईत अथेन्सच्या सोफानिसपाशी नांगर होता; कोणी म्हणतात तो खरा लोखंडी नांगर साखळीने कमरेला बांधून जमिनीत रोवीत असे, कोणी म्हणतात तो नांगर ढालीवर काढलेला होता. हिरोडोटसने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

एक ढाल मी स्वतःच्या हौसेची केली, तीही पाटीवर कबूल करून. प्लुटार्कने एका स्पार्टनाची गोष्ट सांगितली आहे. त्याच्या ढालीवर खरीखुरी असते तेवढीच माशी काढलेली होती. लोक चेष्टेने म्हणाले, कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून ही युक्ती दिसते. तो म्हणाला, उलट, मी शत्रूच्या इतका जवळ जातो की त्याला ती दिसतेच. मी हिशेब केला : सहा-सात मिलिमीटरची माशी, भागिले बत्तीस, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. ब्रशाने जमेना, तेव्हा सुईच्या टोकाने एक काळा ठिपका ठेवला.

काल संध्याकाळी नात आली. चाळीस ढाली तिने एकेक करून पाहिल्या, नावे विचारली, आणि मग म्हणाली, “आजोबा, माशी कुठे आहे?” मी सांगितले नाही. तिने माझ्या टेबलाच्या खणातून भिंग काढले आणि दिवा जवळ ओढून पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.